बागची अंडी, फाटलेली ओढणी आणि पेशीतला रफूवाला

वसुधा_इंदूर
रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण आठवडाभर डोक्यात हेच चाललंय, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते.

मागच्या रविवारी आम्ही घरचे पाचजण मध्य प्रदेशातल्या धारवरून बाग या गावी गेलो होतो. मोठ्यांना लेणी बघायची होती, माझ्या नातवाला डायनासोरची अंडी. तो ९ वर्षांचा आहे. लेणी झाल्यावर ओळखीच्या एका गावकऱ्यांनी आम्हाला गावाबाहेरच्या उतारावर नेलं. पांढुरका चुनखडीचा खडक, मध्ये मध्ये खुरटी बाभळं, आणि खडकात अर्धवट रुतलेला एक गोल, वीतभराहून थोडा लहान. वरचा भाग झिजून गेलेला, त्यामुळे कवचाची कड खडकात बांगडी बसवावी तशी उमटून दिसत होती. बाजूला जिथे कवच शाबूत होतं तिथे बोट फिरवलं तर बारीक बारीक उंचवटे हाताला लागले, रवाळ. नातवाने त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

मग विचारलं, "आजी, अंडं तर आहे ना इथे? मग यातला डीएनए काढून डायनासोर का नाही बनवत?"

म्हटलं, "इतक्या वर्षांत डीएनए राहत नाही रे."

"अंडं राहिलं, मग तो का नाही राहिला?"

मी २८ वर्षं जीवशास्त्र शिकवलं आहे. उत्तर मला माहीत होतं, पण त्याच्या हाताखाली साडेसहा कोटींहून जास्त वर्षांचा दगड होता आणि माझ्याकडे नुसते शब्द. त्याला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर न पटणंच बरोबर होतं.

परत येताना माझी ओढणी बाभळीत अडकली आणि चांगली चार बोटं फाटली. गेल्या वर्षी तिथूनच घेतलेली, लाल-काळ्या बाग प्रिंटची. मंगळवारी नातवाला बरोबर घेऊन क्लॉथ मार्केटजवळच्या रफूवाल्यांकडे गेले. त्यांनी ओढणी उलटी केली, कडेची दुमड उसवली आणि तिथूनच चार-पाच धागे ओढून काढले. कापड त्याच ओढणीचं, धागा त्याच ओढणीचा. फाटलेल्या जागी अर्धं फूल गेलं होतं. त्यांनी शेजारचं तसंच, शाबूत फूल समोर धरलं, आणि त्याच्याकडे बघत एक धागा वर, एक खाली, असं मोजून सुई चालवायला लागले. नातू अगदी नाक लावून बघत होता. त्याने विचारलं, "अंकल, वो वाला फूल भी फटा होता तो?" ते म्हणाले, "फिर तो दोनों किनारे जोड़ के सिल देते, बेटा. निशान रह जाता."

तिथे मला माझं उत्तर सापडलं.

आपण समजतो की डीएनए ही फार पक्की, जपून ठेवलेली पोथी आहे. १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञही तेच धरून चालत. थॉमस लिंडाल या स्वीडिश शास्त्रज्ञाने हिशोब मांडला आणि उलटंच निघालं. शरीराच्या उबेत, पाण्यात, काहीही वाईट न घडताही डीएनए आपोआप झिजतो. तुमच्या-माझ्या एकेका पेशीत रोज सुमारे १०,००० अक्षरं (डीएनएच्या साखळीतले एकेक रासायनिक घटक) नुसती गळून पडतात. शिवाय शेकडो ठिकाणी सी हे अक्षर बिघडून त्याचं यू होतं. ऊन, धूर, क्ष-किरण यांचं नुकसान आणखी वेगळं. या वेगाने आपण काही दिवसही टिकायला नको. म्हणजे आत कोणीतरी अखंड रफू करत बसलेलं असणार, असा लिंडालचा तर्क होता. १९७४ मध्ये त्याला त्यातला पहिला कारागीर सापडला, डीएनएमधला यू ओळखून उपटून काढणारं एक विकर (एन्झाइम). डीएनएत यू हे अक्षर नसतंच, टी असतं. म्हणून यू दिसलं की ते बिघडलेलं सीच असणार, हे त्या विकराला 'कळतं'. ते उपटलं की दुसरा कारागीर तिथे काप देतो, तिसरा समोरच्या पट्टीवरचं अक्षर बघून योग्य ते बसवतो, चौथा टाका घालतो.

समोरची पट्टी म्हणजेच शेजारचं शाबूत फूल. डीएनए दुपदरी असण्याचा खरा फायदा हाच आहे. एक पदर बिघडला तर दुसऱ्याकडे बघून भरता येतो. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर काम अवघड. तेव्हा पेशी दोनपैकी एक करते. पेशी विभागायच्या बेतात असेल, म्हणजे डीएनएची दुसरी प्रत तयार झालेली असेल, तर ती प्रत समोर धरून जसंच्या तसं विणते. नाहीतर दोन्ही टोकं पकडून जोडून टाकते. त्यात कधी दोन-चार अक्षरं जातात, कधी जास्तीची येतात. निशान रह जाता है.

तर नातवाला मी त्या दुकानाच्या पायरीवर बसूनच सांगितलं. अंड्याचं कवच मुळातच दगडाच्या जातीचं, चुन्याचं. त्याला दुरुस्तीची गरज नव्हती, ते पडून राहिलं. डीएनए हा मात्र रोज रफू होतो म्हणूनच टिकतो. जीव गेला की रफूवाला उठून जातो, आणि ओढणी विरत जाते.

त्याने विचारलं, "म्हणजे आत्ता माझ्या आत चालू आहे?" हो. आत्ता, हे वाचताना तुमच्याही.


काळीमाती
रविवार, रात्री १०:०२

वसुधाताई, वाचनखूण साठवली. माझी उमर दगडांत गेली, तेव्हा दगडांकडून थोडं.

तुम्ही ज्या खडकावर उभ्या होतात त्याला लमेटा म्हणतात. माळव्याच्या पठाराखालचा काळा दगड म्हणजे डेक्कन ट्रॅपचा लाव्हा. आपली काळी माती त्याचीच. इंदूरच्या सुदामानगरात बोअर मारली की जो लागतो तोच. लमेटा त्याच्या खालचा. म्हणजे आधी ती अंडी घातली गेली, मग त्यावर लाव्हाचे थरांवर थर आले. आज नर्मदेच्या बाजूला जिथे वरचा थर झिजलाय तिथे अंडी उघडी पडतात.

बाग-कुक्षी परिसरातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, शाकाहारी डायनासोरांची, १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची. एका घरट्यात १ पासून २० पर्यंत. घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की एवढ्या अजस्र आयांना मध्ये पाय ठेवायला जागा नसणार. त्यावरून अभ्यासकांचा कयास असा की कासवासारखी अंडी पुरून त्या निघून जात असाव्यात. मला स्वतःला त्यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते पाडल्या गावाजवळचं एक अंडं, २०२२ मध्ये त्यावर निबंध आला. अंड्याच्या आत अंडं! असं कोंबडीत कधीमधी होतं, पण कासव-मगर-सापांत आजवर दिसलेलं नाही. म्हणजे डायनासोरची अंडी तयार होण्याची रीत पक्ष्यांच्या जवळची होती. एका बिघडलेल्या अंड्याने केवढी गोष्ट सांगितली बघा.

त्याच भागात शेतकरी हे गोल दगड काकड भैरव म्हणून शेताच्या बांधावर पुजत आले आहेत, शेताचं आणि गुरांचं रक्षण करणारा म्हणून. हे मी आदराने लिहितोय. पूजेत होते म्हणून कित्येक अंडी फुटली नाहीत.

सगळ्यांना एकच विनंती. जा, बघा, हात लावा, फोटो काढा. पण कवचाचा नखाएवढा तुकडाही खिशात घालू नका. जागेवरून हललेला जीवाश्म मुका होतो. कोणत्या थरात होता, शेजारी काय होतं, सगळं जातं.


मंदारकाका
सोमवार, सकाळी ७:४५

फार सुंदर धागा. पोहे खायला बाहेर पडायच्या आधी वाचायला घेतला आणि घरीच राहिलो.

एक शंका. मॅमथचा डीएनए मिळाला असं वाचल्याचं आठवतं. तो हजारो वर्षांपूर्वी मेलेला. मग रफूवाला उठून गेल्यावरही इतका काळ कसा टिकला?


निशांत_बायोटेक
सोमवार, सकाळी ११:२०

काका, थंडीमुळे. वसुधा मॅडमनी सांगितलेली झीज ही रासायनिक क्रिया आहे, आणि पाणी व ऊब असेल तर ती भरभर होते. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतले मॅमथचे दात १० लाख वर्षांहून जुने, त्यातून २०२१ मध्ये डीएनए वाचला गेला. २०२२ मध्ये ग्रीनलंडच्या उत्तर टोकाच्या गाळातून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा मिळाला. न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष पक्ष्याची १५८ हाडं तपासून २०१२ मध्ये हिशोब केला गेला होता. तिथल्या हवेत साधारण ५२१ वर्षांत डीएनएचे निम्मे दुवे तुटतात, पुढच्या ५२१ वर्षांत उरलेल्यांतले निम्मे. अगदी बर्फात ठेवला तरी ७० लाख वर्षांच्या आत शेवटचा दुवाही तुटतो. डायनासोर गेले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. दहापट लांबची गोष्ट झाली.

आणि आपल्याकडची ऊब! हडप्पाकालीन राखीगढीच्या सांगाड्यांचं उदाहरण आहेच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या पथकाने काढलेले. ६१ नमुने तपासले, वाचण्याजोगा डीएनए एकातच मिळाला, तोही कानाच्या आतल्या अगदी टणक हाडातून. ते सांगाडे फक्त साडेचार हजार वर्षांपूर्वीचे.

मॅडमच्या लेखात एक दुवा जोडावासा वाटतो. मेलेल्या डीएनएतसुद्धा सीचं यू होतच राहतं, विशेषतः तुटलेल्या तुकड्यांच्या टोकांना. दुरुस्त करणारं कोणी नाही, म्हणून ते साठत जातं. प्रयोगशाळेत एखाद्या जुन्या हाडातून डीएनए निघाला की पहिली शंका असते, हा खरंच जुना आहे की हाताळणाऱ्याचा? तेव्हा हाच बिघाड शोधतात. टोकांना बिघाड असेल तर माल जुना. आणि तो बिघाड साफ करायला तेच यू उपटणारं विकर वापरतात, जे लिंडालला १९७४ मध्ये सापडलं होतं. उठून गेलेल्या रफूवाल्याला हजारो वर्षांनी परत बोलावून आणल्यासारखं आहे हे.

लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना दुरुस्तीसाठी २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्राचीन डीएनएसाठी स्वांते पेबो यांना २०२२ चं वैद्यकशास्त्राचं. मला ही दोन्ही एकाच कापडाची दोन टोकं वाटतात.


उषःकाल
सोमवार, रात्री ११:३५

मी इथे सहसा नुसती वाचते. आज लिहिते.

माझ्या धाकट्या बहिणीला मागच्या दिवाळीत स्तनाचा कर्करोग निघाला. वय ३९. मागच्या महिन्यात तिचा जीनचा रिपोर्ट आला. सहा पानं, सगळी इंग्रजीत. ज्या रुग्णालयात दाखवतो तिथे दोन मिनिटांत सांगितलं, "बीआरसीए-१ पॉझिटिव्ह आहे, गोळ्या बदलू, घरच्या बायकांनीही टेस्ट करून घ्या." आणि पुढचा पेशंट. बहीण बाहेर येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "ताई, म्हणजे मी मुळातच खराब घडलेय का गं?" मला काही बोलता आलं नाही.

वसुधाताई, तुमचा धागा वाचताना त्या रिपोर्टमधला एक शब्द डोक्यात आला. त्यात 'रिपेअर' असं लिहिलं होतं. हे तेच का?


वसुधा_इंदूर
मंगळवार, सकाळी ६:१५

उषा, हे तेच. तुला एकेरीत हाक मारते, राग मानू नकोस.

पहिली गोष्ट बहिणीला सांग. ती खराब घडलेली नाही. बीआरसीए-१ हा जीन आपल्या सगळ्यांकडे असतो, तो काही कर्करोगाचा जीन नव्हे. तो एका कारागिराचा पत्ता आहे, दोन्ही पदर तुटल्यावर शेजारचं फूल बघून अचूक विणणाऱ्या कारागिराचा. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तिच्याकडे एक प्रत जन्मापासून चुकीची आली. दुसरीवर ३९ वर्षं तिच्या अब्जावधी पेशींचं काम व्यवस्थित चाललं. मग कुठल्यातरी एका पेशीत ती दुसरी प्रतही गेली. त्या पेशीत अचूक विणणारा उरला नाही, राहिला तो फक्त टोकाला टोक जोडणारा. निशाण राहत गेले, चुकांवर चुका साठल्या, आणि ती पेशी बहकली. यात तिचं खाणंपिणं, काळजी, पाप, काही काही आलं नाही.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. कोणत्या ते तू लिहिलं नाहीस, आणि तिला काय द्यायचं हे तिचे डॉक्टरच ठरवतील. पण 'रिपेअर' शब्दाशी नातं असलेल्या गोळ्यांचा एक वर्ग आहे, पार्प रोखणाऱ्या गोळ्या. ओलापॅरिब त्यातली, २०१४ पासून वापरात. त्यांच्यामागचा विचार ऐक, कारण तो ऐकून मला स्वतःला फार धीर आला होता. पार्प हा आणखी एक कारागीर, एकच पदर तुटला की धावून जाणारा. तो रोखला तर छोट्या तुटी राहून जातात आणि पेशी विभागताना त्यांच्या मोठ्या, दोन्ही पदरांच्या तुटी होतात. बहिणीच्या निरोगी पेशींत बीआरसीएची एक चांगली प्रत आहे, त्या हे निस्तरू शकतात. कर्करोगाच्या पेशीकडे तो कारागीरच नाही. तिचे दोन्ही हात जातात, ती मरते. २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या पथकांनी हे एकाच वेळी दाखवून दिलं. ज्या उणिवेमुळे ती पेशी बहकली तीच तिच्यावर उलटवायची.

तिसरी गोष्ट घरच्यांची. तुझ्याकडे ती चुकीची प्रत असण्याची शक्यता निम्मी आहे, नसण्याचीही निम्मी. आई-वडिलांपैकी एकाकडून ती आली असणार, म्हणून भावांनाही लागू आहे. तपासणी म्हणजे रक्ताचा एक नमुना. पण त्याआधी जेनेटिक कौन्सेलिंग करणाऱ्या माणसाशी बसून बोलणं हा तुमचा हक्क आहे, तो मागून घ्या. दोन मिनिटांत उरकायची ही गोष्ट नाही. बहिणीच्या मुली लहान असतील तर त्यांची तपासणी सहसा त्या सज्ञान झाल्यावर, त्यांच्या इच्छेने करतात. त्यांची घाई नको.

रिपोर्ट व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. आपण दोघी बसून एकेक ओळ मराठीत लिहून काढू.


उषःकाल
मंगळवार, सकाळी ९:५०

ताई, तिला फोनवर सगळं वाचून दाखवलं. रडली, पण वेगळं रडली. रिपोर्ट पाठवलाय.


मंदारकाका
मंगळवार, दुपारी ४:०५

उषाताई, आमच्या दोघांचे आशीर्वाद. बहिणीला सांगा.

एक विचारू का? अवांतर वाटेल. दुरुस्ती इतकी चोख असेल तर जीव बदलले कसे? मासा मासाच राहायला हवा होता.


बडोदेकर
मंगळवार, रात्री ८:४०

काका, अवांतर अजिबात नाही. धाग्याचं दुसरं टोक नेमकं तेच आहे.

दुरुस्ती चोख आहे, पूर्ण नाही. अक्षरं नक्कल करताना पहिल्या फटक्यात साधारण लाखात एक चूक होते. नक्कल करणारं विकर स्वतःच मागे वळून तपासतं, मग मॉड्रिचने उलगडलेली जुळणी-तपासणी होते, आणि शेवटी अब्ज अक्षरांमागे एखादी चूक उरते. तरीसुद्धा प्रत्येक बाळ आई-वडिलांपैकी कोणाकडेही नसलेले साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्माला येतं. आइसलंडच्या कुटुंबांवरच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं की वडिलांचं वय वर्षाने वाढलं की असे साधारण दोन बदल वाढतात. बहुतेक बदलांनी काहीच होत नाही. एखादा मात्र हाडापर्यंत पोचतो.

आमच्या बाजूचं उदाहरण देतो. गुजरातमधल्या खेडा भागात ढोली डुंगरी नावाचं गाव आहे. तिथून १९८४ मध्ये धनंजय मोहबे यांनी डायनासोरच्या घरट्याचा एक दगड काढला, अंडी आणि बारीक हाडं असलेला. हाडं पिल्लाची असं आधी वाटलं. २००१ मध्ये अमेरिकेचे जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला तेव्हा लक्षात आलं की त्यात सापाचे मणके आहेत. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप, शेजारी डायनासोरचं अर्ध्या मीटरचं पिल्लू. बहुधा वादळात गाळ आला आणि सगळे होते तसे गाडले गेले. २०१० मध्ये त्याला सनाजे इंडिकस हे नाव मिळालं, संस्कृतातून, प्राचीन जबड्याचा. त्याच्या जबड्याला आजच्या अजगराइतकं मोठं तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून सबंध अंडं गिळण्याऐवजी तो पिल्लू बाहेर येण्याची वाट बघत असावा.

आता डीएनएकडे. सापांचे पूर्वज पायांचे होते हे जीवाश्मांत दिसतं, अर्जेंटिनात मागचे पाय असलेला साप सापडला आहे. पाय गेले कसे? सगळ्या चार पायांच्या प्राण्यांत पाय घडवणाऱ्या एका जीनचं बटण असतं, काही शे अक्षरांचं. २०१६ मध्ये सापांत ते तपासलं, तर त्यातून सलग १७ अक्षरं गायब. उंदरात सापाचं बटण बसवलं तर त्याचे पाय नुसते खुंट राहिले. ती १७ अक्षरं परत घातली तर पाय बऱ्यापैकी आले.

१७ अक्षरं सलग जातात कशी? पट्टी तुटून टोकं घाईने जोडली गेली, किंवा नक्कल करताना घसरली, आणि तपासणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटलं. रफूवाल्यांचं वाक्य पुन्हा वाचा.


काळीमाती
मंगळवार, रात्री ९:१५

बडोदेकर, तो सनाजेचा दगड माझ्यासाठी भारतातला सर्वांत बोलका दगड आहे. एका क्षणाचा फोटो. पहिल्यांदा छायाचित्र पाहिलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.


निशांत_बायोटेक
बुधवार, दुपारी १:१०

याच्या उलट बाजूचंही एक सांगायला हवं. दुरुस्तीची हत्यारं स्वतःसुद्धा उत्क्रांतीत हरवतात.

उन्हाने डीएनएत शेजारशेजारची दोन टी अक्षरं एकमेकांना चिकटतात. मासे, बेडूक, पक्षी, कांगारू, अगदी जिवाणू यांच्याकडेही त्यासाठी एक सुरेख विकर आहे, फोटोलायेज. ते निळा उजेड शोषून त्याच जोरावर चिकटलेली जोडी सोडवतं. उन्हाचं नुकसान उन्हानेच भरून काढायचं. अझीझ संजार यांनी आयुष्य याच्या मागे घातलं. आणि आपल्याकडे, म्हणजे वार (प्लासेंटा) असणाऱ्या सगळ्या सस्तन प्राण्यांकडे, ते नाही! माणूस, गाय, कुत्रा, उंदीर, कोणाकडेच नाही. आपल्याला पंचवीस-तीस अक्षरांचा अख्खा तुकडाच कापून नव्याने भरावा लागतो. ज्यांना जन्मतः तेही जमत नाही त्या मुलांना झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा आजार होतो. त्यांना दिवसाच्या उन्हात जाताच येत नाही.

का हरवलं? एक समजूत अशी की डायनासोरांच्या राज्यात आपले पूर्वज चिचुंद्रीएवढे आणि निशाचर होते. ऊनच नाही तर उन्हाची हत्यारं कशाला? याला एक चांगला आधार मिळाला. सोमालियाच्या वाळवंटाखालच्या गुहांत लाखो वर्षं अंधारात राहिलेला एक आंधळा मासा आहे. २०१८ मध्ये दिसलं की त्याचीही फोटोलायेजची दुरुस्ती बंद पडली आहे. बाकीच्या माशांकडे ती आहे.

काळीमाती काका, आपल्या ट्रॅपमध्ये असे छोटे सस्तन प्राणी सापडलेत ना?


काळीमाती
बुधवार, दुपारी ३:३०

सापडले आहेत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ सापडतो. तेलंगणातल्या नास्कल इथे अशाच गाळातून गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये भारतातला पहिला क्रिटेशस (डायनासोरांच्या शेवटच्या) काळातला सस्तन प्राणी जाहीर केला. नाव डेक्कनोलेस्टिस. हाती आले ते दात, साखरेच्या दाण्याएवढे. पोती पोती गाळ चाळणीत धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण बघायचा, तेव्हा एक दात. ज्वालामुखी धुमसतोय, वर डायनासोर, आणि खाली हे एवढंसं. तुमचं म्हणणं खरं असेल तर त्याच्या जातकुळीतल्या कोणीतरी रात्रीच्या अंधारात गमावलेल्या विकराची किंमत आपण मे महिन्यात राजवाड्यावर फिरताना अजून भरतोय.


ग्वाल्हेरची_रेवती
बुधवार, रात्री १०:२०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. एक राहिलं, म्हणून थोडक्यात. 'टोकं जोडून शिवणं' हे कमी दर्जाचं काम आहे असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. आपली प्रतिकारशक्ती त्यावरच उभी आहे. मज्जेत पांढऱ्या पेशी तयार होताना त्या स्वतःचा डीएनए मुद्दाम कापतात, तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जुळवतात आणि हेच टाके घालून जोडतात. जोडावर दोन-चार अक्षरं मागेपुढे होतात. त्यामुळेच जगात अजून न आलेल्या जंतूसाठीही कोणत्या तरी पेशीकडे प्रतिपिंड तयार असतं. हे उलगडणाऱ्या सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. ज्या बाळांत हा टाका घालणारं यंत्रच जन्मतः बिघडलेलं असतं त्यांना जवळजवळ कसलीच प्रतिकारशक्ती नसते.

आणि हे फक्त जबडा असलेल्या पृष्ठवंशीयांत आहे, शार्कपासून माणसापर्यंत. लॅम्प्रेसारख्या बिनजबड्याच्या माशांची रीत वेगळी. चीनमध्ये सुमारे ४१.९ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्यासारखी जबड्याची हाडं असलेला चिलखती मासा सापडला, २०१३ मध्ये जाहीर झाला. जबडा दगडात दिसतो, प्रतिपिंडं दिसत नाहीत. पण दोन्ही एकाच घराण्याची इस्टेट.

उषाताई, नमुना देताना काही अडलं तर कळवा. नळी, फॉर्म, संमतीपत्र, सगळं समजावून सांगेन.


वसुधा_इंदूर
गुरुवार, सकाळी ७:०५

रेवती, प्रतिपिंडांचं मी वर्गात शिकवलं, आणि दुरुस्तीचंही, पण दोन वेगळ्या धड्यांत. ही सांगड मुलांना कधी घालून दिली नाही याची आज खंत वाटली.

नातवाला सनाजेचा फोटो दाखवला. तो आता बडोद्याला जायचं म्हणून मागे लागलाय. बडोदेकर, डिसेंबरात येऊ का? बालासिनोरजवळच्या रैयोलीचं डायनासोर संग्रहालयही बघायचं आहे.


बडोदेकर
गुरुवार, सकाळी ७:४०

या की. उतरायचं आमच्याकडेच. बालासिनोरला सकाळी लवकर निघू, दुपारचं ऊन मुलांना सोसत नाही.


उषःकाल
गुरुवार, दुपारी १२:३०

ताई, कौन्सेलरची वेळ मिळाली. मंगळवारी ११ वाजता. मी आणि भाऊ दोघं जातोय. बहीणही येते म्हणाली. तुमच्या हातच्या मराठी ओळी तिने वहीत उतरवून घेतल्यात, खाली स्वतःचे सात प्रश्न लिहिलेत.


वसुधा_इंदूर
गुरुवार, दुपारी १२:३४

मंगळवारी मी मोकळी आहे. तुम्हाला चालणार असेल तर मीही येते. १०:३० ला कुठे भेटायचं ते सांग.